तीच गोष्ट पुन्हा ऐकताना: वय झालेल्या माणसाच्या आठवणी कशा ऐकाव्या आणि कशा टिपून ठेवाव्या

माझ्या आजीची ओढ्याच्या पाण्याची गोष्ट लहानपणापासून माझ्या कानावर पडत आली. पण नीट लक्ष देऊन मी ती तीनदाच ऐकली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा आजी साठीत होती. रात्रीची वेळ, ओढ्याला अचानक चढलेलं पाणी, तेरा वर्षांची ती, पाठीवर चार वर्षांचा भाऊ आणि हातात कंदील. कंदिलाची काच एका बाजूने तडकलेली, म्हणून ती बाजू तिने अंगाकडे वळवून धरलेली. मधल्या दगडावरून पाय सटकला, भावाची एक चप्पल वाहून गेली आणि पलीकडे पोचल्यावर तो चपलेसाठीच रडत बसला.

दुसऱ्यांदा ऐकली तेव्हा ती पंच्याहत्तरीच्या आसपास होती. चप्पल होती, काच गेली होती. तिच्या जागी वडिलांचा तापट स्वभाव आला होता, आईचं आजारपण आलं होतं, थोरल्या मुलीवर किती कामं पडायची तेही आलं होतं. तिसऱ्यांदा, ८४ व्या वर्षी, गोष्ट चार वाक्यांत संपली. "पाणी आलं होतं. भावाला पाठीवर घेतलं आणि ओलांडलं. दुसरं कोण होतं? आपलं आपणच करायचं असतं बघ."

आजी विसरायला लागली, असं घरात सगळे म्हणाले. मलाही तेच वाटलं. मग सहज विचारलं, "आजी, कंदील कुठल्या हातात होता गं?" तिने डावी मूठ वळली, थोडी वर उचलली आणि मनगट छातीकडे फिरवलं. "ह्या. काच फुटकी होती ना, वारा लागायचा."

म्हणजे काच होती. इतकी वर्षं ती कोणी मागितली नव्हती, एवढंच. प्रत्येक वेळी असं होतं असं मी म्हणणार नाही. काही तपशील खरोखरच जातात आणि कितीही विचारलं तरी परत येत नाहीत. पण सांगणाऱ्याचं वय वाढतं तसा ऐकणाऱ्याच्या कामाचा वाटाही वाढतो, हे मला त्या दिवशी कळलं. ते काम कसं करायचं, हे इथे पायरीपायरीने मांडते. आधी गोष्ट का बदलते ते पाहू, कारण ते कळलं नाही तर पुढच्या पायऱ्या नुसत्या सूचना वाटतील.

गोष्ट का बदलते

पहिला गैरसमज असा की गोष्ट फक्त म्हातारपणी बदलते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि थोड्या वेळाने, मग काही दिवसांनी, काहींना तर महिन्यांनी ती पुन्हा सांगायला लावली. हे प्रयोग त्यांनी १९३२ साली पुस्तकरूपाने मांडले. कथेतली मूळ पद्धतीची नाव सांगता सांगता साधी होडी झाली, सीलची शिकार मासेमारी झाली. जे ओळखीचं नव्हतं ते ओळखीच्या साच्यात बसलं, ज्याचा अर्थ लागला नाही ते गळून गेलं. यातली कोणी म्हातारी माणसं नव्हती. आठवताना आपण सगळेच दर वेळी गोष्ट नव्याने रचतो, हाताशी जे असेल त्यातून.

वय वाढतं तसं हाताशी काय आहे, ते बदलतं. टोरंटोमधले ब्रायन लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तरुणांना आणि वृद्धांना आपापल्या आयुष्यातले प्रसंग सांगायला लावले आणि त्या बोलण्यातला एकेक तपशील वेगळा काढून मोजला. काही तपशील त्या प्रसंगाच्या आतले असतात: कुठे, कधी, काय दिसलं, काय ऐकू आलं, त्या क्षणी मनात काय आलं. काही बाहेरचे असतात: माणसांचे स्वभाव, तेव्हाची परिस्थिती, एकूण आयुष्याबद्दलचं मत. तरुणांच्या सांगण्यात आतले तपशील जास्त होते, वृद्धांच्या सांगण्यात बाहेरचे. आजीच्या गोष्टीत काच जाऊन वडिलांचा स्वभाव आला, तो नेमका हाच बदल. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खोलात जाऊन प्रश्न विचारल्यावरही दोन वयांमधला हा फरक मिटला नाही. प्रश्नांनी तपशील वाढतात, पण ऐंशीचं माणूस पंचविशीसारखं सांगू लागत नाही. तशी अपेक्षा ठेवून बसलात तर तुम्हीही कंटाळाल आणि तेही.

मात्र गाभा टिकतो. काय घडलं, त्याचा अर्थ काय, कोण कसं वागलं, हे फार उशिरापर्यंत शाबूत राहतं, आणि शब्दसंपत्ती तर पुष्कळ उतारवयापर्यंत वाढतच असते. अडतं ते विशेषनामांपाशी. "अरे ते आपले… ते कोण ते… उंच होते बघ" हे प्रत्येक घरात ऐकू येतं. माणूस समोर दिसत असतो, त्याचा धंदा, त्याची चाल, सगळं आठवत असतं, फक्त नाव जिभेच्या टोकाशी येऊन थांबतं. याचं कारण सोपं आहे. 'सुतार' या शब्दाला लाकूड, रंधा, दार असे दहा धागे जोडलेले असतात. एखाद्याच्या आडनावाला त्या माणसाशी जोडणारा धागा बहुतेक वेळा एकच असतो. वयानुसार तो धागा सैल पडतो आणि नाव हाताला लागत नाही.

आणि मग पुनरावृत्ती. घरातली सगळ्यात मोठी चिडचिड इथे होते, म्हणून जरा थांबून सांगते. एखादी गोष्ट आठवणं आणि ती आपण कोणाला सांगितली हे आठवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांगताना सगळं लक्ष सांगण्यावर असतं, समोर कोण बसलंय याची नोंद कच्ची राहते. नायजेल गोपी, फर्गस क्रेक आणि लिन हॅशर यांनी २०१० मध्ये दाखवलं की ही 'कोणाला सांगितलं' ची आठवण वयानुसार विशेष कमजोर होते. शिवाय, आपण हे या माणसाला सांगितलेलं नाही, याबद्दल वृद्धांना पक्की खात्रीही वाटते. त्यामुळे "छे, तुला कधी सांगितलं मी?" असं आजोबा म्हणतात तेव्हा तो हट्ट नसतो. त्यांच्या मनात ती नोंद खरोखरच नाही.

भरकटण्याबद्दल थोडक्यात. समोर चित्र ठेवून त्याचं वर्णन करायला सांगितलं तर वृद्ध माणसं फारशी भरकटत नाहीत. स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलताना भरकटतात. याचं एक स्पष्टीकरण असं की नको ते विचार बाजूला सारण्याची मनाची ताकद वयाबरोबर कमी होते. दुसरं असं की या वयात बोलण्याचा हेतूच बदललेला असतो. नेमकी माहिती देण्यापेक्षा आपलं आयुष्य कसं गेलं हे सांगणं महत्त्वाचं वाटतं. मला दुसरं जास्त पटतं, पण दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये हे ठामपणे मांडलं. त्याआधी वृद्धांनी सारखं जुन्यात रमणं हे मन ढासळल्याचं लक्षण मानण्याकडे कल होता. बटलर म्हणाले की आयुष्याच्या शेवटाकडे माणूस आपलं जगणं पुन्हा तपासून पाहतो, जे अर्धवट राहिलं त्याचा हिशेब लावतो, आणि हे नैसर्गिक आहे. ऐकायला बसताना हे मनाशी असलं की आपली घाई आपोआप कमी होते.

पायरी १: वेळ, जागा, कान

सकाळची वेळ धरा. वाढत्या वयात बहुतेकांचं मन सकाळी जास्त तरतरीत असतं. दिवसभराचं सगळं आटोपून आपण मोकळे होतो ती संध्याकाळ आपल्या सोयीची असते, त्यांच्या नाही.

टीव्ही बंद, पंख्याचा खडखड आवाज बंद, समोरासमोर बसायचं, उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असं. कमी ऐकू येणारी माणसं ओठांकडे बघून अर्धं समजून घेतात. श्रवणयंत्र असेल तर ते लावलंय आणि चालू आहे ना, हे आधी बघा. पुष्कळदा ज्याला आपण 'लक्षात राहत नाही' म्हणतो ते मुळात नीट ऐकूच आलेलं नसतं. एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे. थकवा आला की आधी नावं जातात, मग क्रम जातो, मग चिडचिड सुरू होते.

रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा, आणि कशासाठी करताय तेही सांगा. मोबाईल दोघांच्या मध्ये, कापडाच्या घडीवर ठेवा, म्हणजे टेबलाचे आवाज येत नाहीत. पहिली पाच मिनिटं कोणीही अवघडून बोलतं, तेव्हा महत्त्वाचं काही काढू नका.

पायरी २: ऐकायला कोण बसणार ते ठरवा

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

२००२ मध्ये सिंथिया अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण आणि वयस्क स्त्रियांना एक गोष्ट शिकायला दिली आणि ती पुन्हा सांगायला लावली. ऐकणारी व्यक्ती प्रयोग घेणारी असेल तेव्हा तरुणींनी जास्त सांगितलं. पण समोर लहान मूल बसवलं तेव्हा वयस्क स्त्रिया तरुणींच्या बरोबरीने सांगू लागल्या. मुलाला झेपेल अशी गोष्ट त्यांनी जास्त सफाईने बेतली. अवघड भाग सोपा केला, महत्त्वाचा भाग पुन्हा सांगितला.

याचा अर्थ उघड आहे. सांगण्याची क्षमता सांगणाऱ्याच्या डोक्यात जितकी असते तितकीच ती प्रसंगात असते. परीक्षा घेतल्यासारखं कोणी समोर बसलं की माणूस आखडतं. खरोखर ऐकायचंय असं मूल बसलं की गोष्टीला कारण मिळतं. घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर पहिल्या बैठकीला त्यालाच बसवा, तुम्ही बाजूला बसून टिपा काढा. मूल नसेल तर ज्याने ती गोष्ट कधीच ऐकलेली नाही असा माणूस आणा. नवरा किंवा बायको शेजारी असेल तर दुरुस्त्या सुरू होतात: "अहो, ते साल ते नव्हतं", "तेव्हा आपण तिथे राहतच नव्हतो". दोघांची गोष्ट वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळी ऐका.

पायरी ३: पहिलं सांगणं अडवू नका

पहिल्या वेळी प्रश्न नाहीत, दुरुस्ती नाही, घड्याळाकडे बघणं नाही. एकच सुरुवात: "मला ती गोष्ट पहिल्यापासून सांग." मग गप्प. मध्ये लांब शांतता येईल. ती भरू नका. शोध चाललेला असतो, त्याला वेळ लागतो, आणि वयाबरोबर तो वेळ वाढतो. मी मनातल्या मनात दहापर्यंत मोजते. सातव्या-आठव्या आकड्याला बरेचदा काहीतरी येतं.

भरकटले तर जाऊ द्या. फक्त कुठून कुठे गेले, ते कागदावर बाण काढून लिहून ठेवा. आजी पाण्याच्या गोष्टीतून आईच्या आजारपणात गेली, तिथून घरातल्या एका बंद खोलीत गेली. त्या खोलीची गोष्ट मला तोवर कोणी सांगितली नव्हती.

कुठल्या काळापासून सुरुवात करावी हा प्रश्न पडला तर साधारण दहा ते तीस वर्षं वयाचा काळ निवडा. मध्यम वय ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या की या काळातल्या आठवणींचा एक उंचवटा दिसतो, आणि डेव्हिड रुबिन व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये तो स्पष्ट मांडल्यापासून तो पुन्हा पुन्हा दिसला आहे. पहिलं काम, पहिलं घर सोडणं, पहिली स्वतःची कमाई, सगळं पहिलंवहिलं त्याच काळात घडतं. पन्नाशीतल्या गोष्टी नंतर काढा. त्या जास्त कष्टाने येतात.

पायरी ४: दुसऱ्या फेरीत आतले तपशील काढा

हे त्याच दिवशी करू नका, दोन-चार दिवस जाऊ द्या.

"अजून काय आठवतं?" या प्रश्नाला उत्तर येतं, "काही नाही गं, एवढंच." प्रश्न फार मोठा आहे म्हणून. आठवणीत शिरायला दार लागतं, आणि ते दार जवळजवळ नेहमी जागेतून उघडतं. आधी माणसाला त्या जागी उभं करायचं. "ओढ्याच्या काठाला उभी राहिलीस. पायाखाली काय होतं? चिखल की दगड?" मग उजेड: "कुठून उजेड येत होता?" मग हात: "हातात काय होतं?" मग आवाज. मग माणसं. 'का' सगळ्यात शेवटी, किंवा विचारूच नका. 'का' म्हटलं की माणूस आठवणं सोडून समर्थन करायला लागतं आणि गोष्ट पुन्हा बाहेरच्या तपशिलांकडे वळते.

साक्षीदारांना प्रश्न विचारण्यासाठी रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइझलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात एक पद्धत घडवली. तिचा पायाही हाच आहे. आधी परिस्थिती मनात पुन्हा उभी करायला लावायची, मध्ये तोडायचं नाही, मग एकदा वेगळ्या क्रमाने किंवा वेगळ्या जागेवरून सांगायला लावायचं. घरी एवढं शिस्तीने करायची गरज नाही, पण शेवटापासून मागे यायची युक्ती जरूर करून बघा. "पलीकडे पोचलात, तो रडतोय. त्याच्या जरा आधी काय झालं?" पाठ झालेली गोष्ट ठरलेल्या चाकोरीतून धावते. उलट्या बाजूने आलं की चाकोरी मोडते.

हाताची मदत घ्या. कागदावर घराचा नकाशा काढायला सांगा: दार कुठे, चूल कुठे, कोण कुठे झोपायचं. चित्र वाईट आलं तरी चालेल. हात भिंत काढतो आणि तोंड त्या भिंतीवर काय टांगलं होतं ते सांगतं. जुना फोटो असेल तर त्यातल्या माणसांची नावं विचारत बसू नका, ती परीक्षा होते. "हा फोटो काढला तेव्हा मागे कोण उभं होतं?" असं फोटोबाहेरचं विचारा.

नाव अडलं तर "राहू दे नाव, दिसायला कसे होते ते?" म्हणा आणि पुढे चला. तुम्हाला नाव नक्की माहीत असेल तर पहिलं अक्षर सांगा, तेवढ्याने बरेचदा सुटतं. माहीत नसेल तर अंदाजाने नावं पुढे करू नका. अडलेलं नाव बहुतेक वेळा थोड्या वेळाने, भलत्याच विषयात, आपण होऊन येतं. तेव्हा कागद जवळ असू द्या.

आता या पायरीतला धोका. "तेव्हा पाऊस होता ना?", "बाबा रागावले असतील तुझ्यावर?" असले प्रश्न विचारायचे नाहीत. गाभा घट्ट आणि तपशील विरळ अशा आठवणीत, गाभ्याशी जुळणारी कुठलीही नवी गोष्ट सहज मिसळते, आणि वयाबरोबर हे जास्त होतं. पुढच्या वेळी तो पाऊस तुम्हाला त्यांच्या तोंडून ऐकू येईल आणि तुम्ही म्हणाल, "बघा, आठवलं!" तो तुम्हीच पाडलेला पाऊस असेल. म्हणून उत्तर ज्यात आधीच दडलंय असा प्रश्न नको, आणि "आठवत नाही" हे उत्तर आलं की ते पूर्ण उत्तर मानायचं.

पायरी ५: तीच गोष्ट पुन्हा आली तर

"हे सांगितलंयस तू" हे वाक्य तोंडात येईल, ते गिळा. ऐकणाऱ्याला ते साधं वाटतं. सांगणाऱ्याला दोन गोष्टी कळतात: आपल्याला आठवत नाही, आणि आपलं बोलणं नकोसं झालंय. असं चार-पाचदा झालं की माणूस बोलणंच कमी करतं, आणि बोलणं कमी झालं की आठवणींवरचा हातही सुटतो.

त्याऐवजी गोष्टीत तुम्ही स्वतः शिरा. "हो, चप्पल वाहून गेली ती रात्र ना? दुसऱ्या दिवशी चपलेचं काय केलंत?" यात तुम्हाला गोष्ट माहीत आहे हे आलं, ती आवडते हे आलं, आणि नवीन दार उघडलं. आजीने दुसऱ्या दिवसाबद्दल कधीच सांगितलं नव्हतं. भाऊ महिनाभर एका पायात चप्पल घालून फिरला, उरलेली टाकू देईना, हे मला या एका प्रश्नातून मिळालं.

तिसऱ्या-चौथ्यांदा तीच गोष्ट आली तर ती कशानंतर येते याकडे लक्ष द्या. काही गोष्टी विशिष्ट प्रसंगाला बांधलेल्या असतात. माझ्या लक्षात आलं की घरात कोणी "मला जमणार नाही" म्हणालं की आजीची पाण्याची गोष्ट सुरू व्हायची.

पायरी ६: दोन वेळच्या गोष्टी जुळत नाहीत तेव्हा

खोटं बोलतायत असं म्हणू नका, आणि कोणतं खरं ते त्यांच्यासमोर ठरवू नका. माणूस गोष्ट सांगतं तेव्हा ऐकणाऱ्याप्रमाणे तिला वळण देतं: कधी हसवायला, कधी धीर द्यायला, कधी स्वतःची बाजू मांडायला. बार्बरा ट्वर्स्की आणि एलिझाबेथ मार्श यांनी २००० मध्ये दाखवलं की एका बाजूला झुकवून सांगितलेली गोष्ट नंतर तशीच झुकलेली आठवते. हे प्रयोग तरुणांवरच झालेले होते. साठ वर्षं सांगितलेल्या गोष्टीत अशी वळणं किती साचत असतील याचा विचार करा. शिवाय उतारवयात मनाचा कल सुखद आठवणींकडे जास्त असतो, म्हणून जुनी भांडणं मवाळ होऊन येतात. ते ढोंग नसतं.

दोन्ही आवृत्त्या ठेवा. प्रत्येकीवर तारीख, कोणाला सांगितली, तेव्हा वय किती. आजीच्या भावाला मी वेगळं विचारलं तर तो म्हणाला चप्पल नव्हतीच, लाकडी बैल वाहून गेला होता. मी दोन्ही लिहिलं. कागदपत्रांवरून पडताळता येईल ते पडताळा: पत्रावरची तारीख, दाखल्यावरचं वय. पण पडताळणी तुमच्या वहीसाठी आहे, त्यांना चूक दाखवण्यासाठी नाही.

दुःखाची आठवण निघाली आणि आवाज बदलला तर थांबा. "इथेच थांबू या का?" एवढं विचारा आणि उत्तर येईल तसं करा. एखादी गोष्ट न सांगण्याचा हक्क त्यांचा आहे, आणि "हे लिहू नकोस" म्हटलेलं लिहायचं नाही.

काळजी कधी करायची

नाव न आठवणं, वर्षांचा गोंधळ, तीच गोष्ट दर महिन्याला सांगणं, हे वयाबरोबर येतंच. पण काही बदल वेगळे असतात. तीच गोष्ट किंवा तोच प्रश्न त्याच बैठकीत, पाच-दहा मिनिटांत पुन्हा येणं. नेहमीच्या गोष्टीचा धागा मध्येच पूर्ण तुटणं आणि आठवण करून देऊनही न सापडणं. 'ते', 'तो', 'तिथे' एवढ्यावरच बोलणं चालणं आणि कोणाबद्दल चाललंय हे कळेनासं होणं. हळूच सुचवल्यावर "हां, हां, तेच" असं न होणं. जुन्या गोष्टी स्पष्ट, पण काल कोण आलं होतं ते मुळीच नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच नोंदवलं होतं की स्मृती जाते तेव्हा नवी आधी जाते आणि जुनी जास्त टिकते.

यातलं काही महिन्यागणिक वाढताना दिसलं, किंवा औषधं, पैसे, रस्ता यांतही गोंधळ व्हायला लागला, तर डॉक्टरांना दाखवा. स्मृतीच्या तपासणीत एक छोटी गोष्ट ऐकवून लगेच आणि साधारण अर्ध्या तासाने पुन्हा सांगायला लावण्याची पद्धत आहे. निव्वळ वयामुळे थोडं कमी सांगता येतं, पण जे एकदा सांगितलं ते अर्ध्या तासानेही बऱ्यापैकी राहतं. अल्झायमरच्या सुरुवातीला त्या मधल्या वेळातच बरंचसं पुसून जातं. हा प्रयोग घरी करू नका. त्यातून निदान होत नाही, माणूस मात्र दुखावतं. विसरण्यामागे बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधं, न दिसणारं बहिरेपण अशी उपचार होण्यासारखी कारणंही असतात, म्हणून टाळाटाळ करू नका. आणि बोलणं अचानक, काही तासांत किंवा एका दिवसात बदललं, जीभ जड झाली, असंबद्ध बोलणं सुरू झालं, तर वाट न बघता तातडीने दवाखान्यात न्या.

निदान झालं असेल तरी ऐकणं थांबवायचं नाही. तेव्हा फक्त आठवायला लावायचं सोडून द्यायचं. "ओळखलंस का?" नको, "आठवतं का?" नको. तुम्हीच गोष्ट सुरू करा, त्यांनी दिलेल्या शब्दांत, आणि ओळखीच्या वळणावर थांबा. पुष्कळदा पुढचं वाक्य तेच घेतात. नाही घेतलं तर तुम्ही घ्या.

पायरी ७: लिहा आणि वाचून दाखवा

रेकॉर्डिंग त्याच आठवड्यात उतरवा. नंतर अर्धे संदर्भ तुम्हालाही लागत नाहीत. शब्द त्यांचेच ठेवा, व्याकरण सुधारू नका. तुमची टीप वेगळ्या रंगात किंवा समासात. फाईलला नाव देताना तारीख आधी, मग सांगणाऱ्याचं नातं, मग गोष्ट. एक प्रत घरातल्या दुसऱ्या कोणाकडे ठेवा.

मग त्यांच्यासमोर बसून सगळं हळूहळू वाचून दाखवा. ही पायरी सोडू नका, कारण स्वतःचे शब्द दुसऱ्याच्या आवाजात ऐकताना असे तपशील निघतात जे प्रश्नाने निघत नाहीत. वाचताना पेन हातात ठेवा आणि प्रत्येक परिच्छेदाला थांबा.

आजी डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली. कंदिलाच्या वाक्याला तिने हात वर केला.

"डावा हात लिहिलायस ना?"

"हो."

"मग उजव्याचं पण लिही. उजव्याने त्याचा पाय धरला होता. घोटा. एवढासा होता, माझ्या मुठीत मावायचा."

मी समासात लिहिलं आणि खाली त्या दिवसाची तारीख टाकली.